पावणेआठ, वर वीस सेकंद

सायकलींची कचेरी असते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पंक्चर कितीला काढता? नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमची पाटी होती, 'सर्वराष्ट्रीय द्विचक्री नियामक मंडळ, दख्खन विभाग'. मराठी, कानडी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत. एवढी लांबलचक पाटी वाचायला सवड कुणाला? खाली चाकाचं चित्र होतं, ते बघून माणसं सायकल खांद्यावर मारून जिना चढून वर यायची. पहिलं वर्षभर मी एकेकाला समजावून सांगत होतो. मग कंटाळलो आणि हवा भरायचा एक पंप आणून दाराशी ठेवला.

गावात आमचं नाव पडलं 'चाकाची कचेरी'. तिथं मी नोंदणी-कारकून म्हणून चिकटलो आणि वळण-पंच म्हणून निवृत्त झालो. निरोपाच्या वेळी मुख्य कचेरीकडून जाड कागदावर सोनेरी अक्षरांत छापलेलं प्रशस्तिपत्र आलं. 'निर्दोष सेवा' असं त्यावर लिहिलंय. पाहुणेरावळे विचारतात, शिवलिंगअप्पा, ते भिंतीवर का लावलं नाही? संपादकांनी दिवाळी अंकासाठी मजेशीर आठवणी मागितल्यात. त्या देतो, पण ते प्रशस्तिपत्र ट्रंकेत का पडलंय तेही सांगणार आहे. छापायचं की नाही ते त्यांनी बघावं.

मंडळाचं काम थोडक्यात सांगतो. जगभर सायकलींच्या शर्यती होतात. कुणी उतरायचं, सायकल कशी असावी, रस्ता किती लांब, जिंकला कोण आणि किती वेळात, हे ठरवायला आणि तपासायला हे मंडळ. मुख्य कचेरी सातासमुद्रापार, बर्फाच्या देशात. तिथल्या साहेबांनी सोलापूर नकाशावर तरी पाहिलं असेल का, शंकाच आहे. पण त्यांनी लाल पुठ्ठ्याचं नियमांचं पुस्तक पाठवलं होतं आणि त्याच्यावर आमची कचेरी चालायची. सायकलीचं वजन कापसाच्या काट्यावर करायचं. रस्ता जमीन मोजायच्या साखळीनं मोजायचा, मैलाच्या दगडांवर विसंबायचं नाही. हा शेवटचा नियम मला फाजील वाटायचा. मग एका हंगामात वळसंगच्या बाजूला जो तो विक्रम करायला लागला. जाऊन बघतो तर मैलाचा दगड एका शेतकऱ्यानं उपटून धुणं धुवायला विहिरीवर नेलेला. कुणी चौकशीला येणार अशी कुणकुण लागली की हा गडी तो आणून जमेल तिथं पुरायचा. मी रागावलो तर शांतपणे म्हणाला, दगड शे-दोनशे पावलं सरकला म्हणून अक्कलकोट काय हललंय व्हय? तेव्हापासून साखळी.

दुसरी गंमत नरसय्याची. साखरपेठेतला विणकर, घरी तेलुगू. त्यांच्यात घराण्याचं नाव आधी आणि स्वतःचं मागून. एका अर्जावर तो 'अंकम नरसय्या' होता. दुसरा अर्ज माझ्या आधीच्या कारकुनानं इंग्रजी रीतीनं उलटवून 'नरसय्या अंकम' असा भरला होता. मुख्य कचेरीकडून खरमरीत पत्र आलं. तुमच्याकडचे दोन स्वार प्रत्येक शर्यतीत सेकंदाचाही फरक न पडता एकाच वेळी पोचतात, यात काही संगनमत दिसतं, दोघांचेही फोटो पाठवा. नरसय्या म्हणाला, एक टोपी घालून काढू, एक बोडक्यानं, साहेब खूश होतील. मी त्या साहेबांना महिनाभर हसत होतो. यांना माणसांची नावंसुद्धा कळत नाहीत, म्हणालो. मी दुधनीचा, घरात कानडी, कचेरीत मराठी, कागदावर इंग्रजी. तिन्ही भाषा माझ्या खिशात आहेत असा माझा ताठा होता.

आता वळणावरचं काम. शर्यत जिथं माघारी फिरते तिथं मंडळाची चौकी असायची आणि चौकीवर दोन पंच. एक वाचणारा, एक लिहिणारा. वाचणाऱ्यानं मंडळाचं मोहरबंद घड्याळ हातात धरायचं आणि स्वार आला की वेळ मोठ्यानं म्हणायची. लिहिणाऱ्यानं ती कार्डावर आकड्यांत लिहायची. वाचणाऱ्यानं कार्ड बघायचं नाही आणि लिहिणाऱ्यानं घड्याळ बघायचं नाही, म्हणजे दोघांनी मिळून लबाडी करायला नको. लिहून झालं की लिहिणाऱ्यानं तोंडी परत म्हणायचं, वाचणाऱ्यानं मान डोलवायची, मग कार्ड पाकिटात आणि पाकिटावर लाख. निघायच्या जागी, वळणावर आणि पोचायच्या जागी अशी तीन वेगवेगळी पाकिटं व्हायची. एका चौकीनं दुसरीला आपली वेळ सांगायची नाही. तिन्ही पाकिटं उघडणार ती थेट मुख्य कचेरीत. आमच्याकडे राहायची फक्त आपापल्या कार्डाची स्थळप्रत, आणि ती कुलपाच्या ट्रंकेत.

माझे वाचणारे म्हणजे नाना घड्याळजी. नव्या पेठेतच त्यांचं दुकान. सोलापुरात गिरण्यांचे भोंगेसुद्धा नानांना विचारून वाजतात असं लोक म्हणायचे आणि नाना ते नाकारायचे नाहीत. लाल पुस्तकात लिहिलं होतं, वेळ तास, मिनिटं, सेकंद अशी म्हणावी. नानांना ते पटायचं नाही. "अप्पा, सात वाजून पंधरा मिनिटं असं कोण बोलतं रे? सव्वासात म्हणावं," असं त्यांचं म्हणणं. मी कधी अडवलं नाही. बारा वर्षं आमची जोडी होती आणि आमचं एकही कार्ड परत आलं नाही. ह्याचा मला किती गर्व होता ते आता सांगायलाही लाज वाटते.

बिरू धोंडी पहिल्यांदा वर आला तो हवा भरायला. माळशिरसकडचा धनगर, विशी नुकती उलटलेला, पायात जाड वहाणा. सायकलीच्या मागं घोंगड्यांचा एवढा मोठा गठ्ठा की वरून बघितलं तर गठ्ठाच चालत आल्यासारखा दिसे. घरची मेंढरं, घरची लोकर. घोंगडी घेऊन तो दर आठवड्याला सोलापूरच्या बाजाराला यायचा, सत्तर मैल यायचं आणि सत्तर जायचं. घरून कधी निघालास म्हणून विचारलं तर म्हणाला, शुक्राची चांदणी उगवली तवा. त्याच्याकडे घड्याळ नव्हतं आणि त्याचं त्यावाचून अडतही नव्हतं. मी मनात हिशेब केला आणि खुर्चीवरून उठलो. एवढ्या ओझ्यानिशी एवढ्या वेळात आमच्या नोंदणीतला कुणी रिकाम्या सायकलीवर आला नसता.

त्याचा अर्ज मी स्वतः भरला. दोन हंगामांत त्यानं दख्खनमधल्या सगळ्यांना मागं टाकलं. त्याचा बाप धोंडी एकदाच कचेरीत आला होता, पोराच्या शर्यतीचा कागद बघायला. वाचता येत नव्हतं, पण कागदावरून हात फिरवला आणि घरी जाऊन अर्धा कळप विकून पोराला हलकी सायकल घेऊन दिली. मंडळाची मोठी शर्यत समुद्रापार व्हायची होती, तिला दख्खनचा एकच स्वार घेणार होते. अट अशी की त्यानं एकट्यानं चाचणी द्यायची. सोलापूरच्या अक्कलकोट नाक्यावरून निघायचं, अक्कलकोटच्या वेशीपाशी वळायचं, परत नाक्यावर. अठ्ठेचाळीस मैल, साडेतीन तासांच्या आत.

फाल्गुनातली सकाळ होती. वळणाच्या चौकीवर नाना आणि मी. माझी आई जाऊन आठ दिवस झाले होते. ते आठ दिवस मी दुधनीच्या घरी होतो, कानावर कानडीखेरीज दुसरा शब्द नव्हता, आणि तिथूनच परस्पर अक्कलकोटला आलो होतो. नाना म्हणालेही, अप्पा, आज दुसऱ्या कुणाला बसव. मी ऐकलं नाही. बिरूचं कार्ड माझ्या हातानं जायला हवं होतं.

सहाच्या भोंग्याला तो सोलापुराहून निघाला असणार. आम्ही लिंबाखाली बसून होतो. लांबून धुरळा दिसला, मग तो दिसला, मान खाली घालून, पाय गिरणीच्या चात्यांसारखे. वळताना त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"पावणेआठ, वर वीस सेकंद," नाना म्हणाले.

मी कार्डावर लिहिलं आणि परत म्हटलं, पावणेआठ, वर वीस सेकंद. नानांनी मान डोलावली. पाकिटावर लाख लावली. नाक्यावर तो पोचला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं म्हणे. आम्ही दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं परत आलो तोवर नव्या पेठेत पेढे वाटून झाले होते. वेळ कुणालाच माहीत नव्हती, पण पोरगं जिंकलं हे सगळ्यांना माहीत होतं.

तीन महिन्यांनी बोटीच्या टपालानं पत्र आलं. वळणाचं कार्ड घड्याळ वाचलं त्याप्रमाणेच लिहिलं होतं काय, ते दोन्ही पंचांनी सहीनिशी कळवावं. बाकी काही नाही. स्थळप्रत ट्रंकेत होती. ट्रंक माझ्या खुर्चीखाली होती. मी वाकलोसुद्धा नाही. माझं अक्षर मला ठाऊक होतं, माझं काम मला ठाऊक होतं. 'होय, वाचलं त्याप्रमाणेच' असं लिहिलं, नानांना वाचून दाखवलं, त्यांनी सही केली. त्यांचं काय चुकलं? त्यांनी पावणेआठ म्हटलं होतं आणि मी पावणेआठच परत म्हटलं होतं.

पुढच्या टपालानं निकाल आला. परतीच्या वाटेवरचा वेग मानवी शक्तीच्या बाहेरचा आहे. स्वारानं मोटारीचा आधार घेतला हे उघड आहे. बिरू धोंडी यास आजन्म बंदी. सोबत एक जाहीर पत्रक, कचेरीच्या फळ्यावर डकवण्यासाठी. ते मी माझ्या हातानं डकवलं. खळ लावताना मला त्याचा राग आला होता हे कबूल करतो. माझ्या चौकीवर हसून गेला आणि पुढं जाऊन मोटारीला लोंबकळला, असंच मला वाटलं. सोलापूरकरांना नाव ठेवायला किती वेळ लागतो? आठवड्याभरात तो 'लोंबकळ्या' झाला. बाजारात घोंगडी घेताना लोक विचारायचे, ही तरी चालत आणली का मोटारीला बांधून?

तो बापाला घेऊन कचेरीत आला. बसा म्हटलं तर दोघंही बसले नाहीत. धोंडी भिंतीला टेकून उभा होता. बिरू माझ्या टेबलापाशी आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"साहेब, मी मोटार धरली न्हाय. तुमच्या वळणावर आलो तवा ऊन कासराभर वर आलं हुतं. नाक्यावर पोचलो तवा पार गिरणीच्या छपरावर. मधी एवढा येळ गेला की. लोंबकळलो असतो तर एवढा येळ लागला असता व्हय?"

कासरा म्हणजे बैलाची दोरी. सूर्य कासराभर वर आला, असं आपल्याकडचे लोक सकाळची वेळ सांगतात आणि मेंढरामागं जन्म काढलेल्या माणसाचं त्यात सहसा चुकत नाही. पोरगा मला अगदी नेमकी वेळ सांगत होता. दोन वेळा शेजारी ठेवून वजाबाकी करायची, एवढंच माझं काम होतं. तिसरीतल्या मुलानं केलं असतं.

"बिरू, उन्हाची सही चालत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मला तेव्हा चांगलं सुचल्यासारखं वाटलं होतं.

मग धोंडी पुढं आला. पोराकडे न बघता त्यानं मला विचारलं, "साहेब, मला एवढंच सांगा. कागद खोटं बोलतो का?"

मी म्हणालो, "कागद खोटं बोलत नाही."

म्हातारा जिना उतरून गेला. जाता जाता दाराशी ठेवलेल्या पंपाकडे बिरूचं लक्ष गेलं, तो आडवा पडला होता, त्यानं तो नीट भिंतीला लावून ठेवला आणि गेला. त्यानंतर तो सोलापूरच्या बाजाराला आला नाही. मी चौकशीही केली नाही.

तीन वर्षं गेली. मधल्या काळात नाना वारले. मंडळाचं घड्याळ माझ्याकडे आलं. चौथ्या वर्षी वैशाखात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही बार्शीचे, आमच्यातलेच, पण घरात मराठी बोलणारे. मुहूर्त त्यांनी तोंडी सांगितला, पावणेअकराचा. आमच्या घरात तेव्हा दुधनीकडची माणसं भरलेली, चुलत्या, मावश्या, सगळा कानडीचा बाजार. त्यातच बसून मी पत्रिकेचा मजकूर लिहिला आणि छापखान्यात दिला.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त आला तरी मांडव निम्मा रिकामा. अक्षता पडल्या तेव्हा माझा सख्खा मेहुणासुद्धा आला नव्हता. अक्षता पडून तासाभरानं माणसं यायला लागली, नटूनथटून, आरामात. व्याही पत्रिका हातात घेऊन हसत माझ्याकडे आले. त्यांना राग नव्हता, गंमतच वाटत होती.

"अहो अप्पा, पावणेअकरा झाले आणि पावणेच नाहीत," ते म्हणाले आणि पत्रिकेवर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, ११-४५.

सगळे हसले. मीही हसायला तोंड उघडलं. माझी थोरली मावशी बाजूलाच होती, ती काय झालं म्हणून विचारायला लागली आणि मी तिला कानडीत सांगायला गेलो. कानडीत पाऊण ही आकड्याच्या वर चढते. आठ आणि वर पाऊण म्हणजे एंटु मुक्कालु. मराठीत पावणेआठ म्हणजे आठाला पाव कमी. मराठी पावणेचं मी मनातल्या मनात मुक्कालु केलं होतं आणि तासभर पुढं गेलो होतो. मावशीला सांगता सांगता माझी जीभ अडली. मला लिंबाखालची नानांची हाक ऐकू आली. पोरीच्या लग्नात मी रडलो ते लोकांना वाटलं, बापाचं काळीज आहे.

दुसऱ्या दिवशी लेक सासरी गेली आणि मी कचेरीत जाऊन ट्रंक उघडली. स्थळप्रत वरच्या थरातच होती. माझं वळणदार अक्षर, ८-४५-२०. बिरू वळणावर आला होता सात पंचेचाळीसला. मी त्याला तासभर उशिरा आणला होता. नाक्याच्या स्थळप्रतीप्रमाणे तो साडेनवाच्या आत पोचला होता, म्हणजे मुख्य कचेरीच्या हिशेबानं परतीचे चोवीस मैल पाऊण तासाच्या आत. असा वेग मोटारीशिवाय कुणाला जमणार? त्यांनी बरोबर निकाल दिला होता. खोटं फक्त माझं कार्ड होतं.

त्याच दिवशी मी सगळं खरं खरं लिहून मुख्य कचेरीला पाठवलं. आणि मग जी चूक केली ती पहिलीपेक्षा मोठी. मी उत्तराची वाट बघत बसलो. माळशिरसला रिकाम्या हातानं कसं जायचं, बंदी उठल्याचा कागद घेऊनच जाऊ, असं मनाला समजावत राहिलो. खरं म्हणजे तोंड दाखवायची भीती वाटत होती. वैशाख गेला, पावसाळा गेला. आश्विनात पत्र आलं. पंचास आपल्या कार्डात दुरुस्ती एका वर्षाच्या आतच करता येते. ती मुदत टळली असल्यामुळे कार्ड बरोबर धरले जाईल. म्हणजे कागदोपत्री मी चुकलोच नव्हतो. ह्याच कागदावरून पुढं 'निर्दोष सेवा' आली. खाली एक ओळ होती. स्वारानं स्वतःच्या सहीनं किंवा अंगठ्यानं अपील केल्यास विचार होऊ शकेल.

त्या एका ओळीवर माझी सगळी आशा होती. अपिलाचा मसुदा लिहिला, अंगठ्यासाठी शाईची गादी घेतली आणि माळशिरसला गेलो. तिथून विचारत विचारत धनगरवाड्यावर पोचलो तेव्हा दिवस कलला होता. धोंडी बिरोबाच्या देवळाजवळच्या माळावर मेंढरं घेऊन बसला होता. त्यानं मला ओळखलं. राम राम केला नाही.

बिरू कुटं हाय, मी विचारलं. तोंडातून त्याच्याच बोलीत निघालं.

श्रावणात गेला, धोंडी म्हणाला. कालव्याच्या कामावर होता, तिथं पटकीची साथ आली. म्हाताऱ्याला निरोप मिळाला तोवर तिकडंच पुरून टाकलं होतं. मी विचारलं, घरची मेंढरं असताना कालव्यावर का? धोंडी म्हणाला, मीच हाकलून दिला. चोरी करतोस आन् वर बापाला खोटं सांगतोस, म्हणालो. तुज्या कागदावर इस्वास ठिवला मी, पोरावर न्हाय.

श्रावणात. मी वैशाखातच निघालो असतो तर बिरू भेटला असता. मी खाली बसलो आणि त्याला सगळं सांगितलं. नानांची हाक, माझं कानडी, माझा आकडा, ट्रंक, पत्र. त्यातलं किती कळलं कोण जाणे. मेंढरं चरत होती. माझं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं."

"व्हय," मी म्हणालो.

त्यानं माझ्या हातातली शाईची गादी बघितली आणि ती कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यानं डाव्या हाताचा अंगठा धोतराला पुसून पुढं केला. "बापाचा चालंल का?"

नियमात नव्हतं. स्वारानं स्वतः, असं लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी लाल पुस्तकाला मनातल्या मनात शिवी दिली आणि त्याचा अंगठा कागदावर घेतला. ते अपील मी पाठवलं. त्याचं उत्तर कधीच आलं नाही.

मला त्यानं परत जाऊ दिलं नाही. सकाळी काम हाय, म्हणाला. सकाळी त्यानं मला देवळामागं नेलं. तिथं पोराच्या नावानं त्यानं एक दगड उभा केला होता, शेंदूर नाही, काही नाही, नुसता माळावरचा दगड. म्हणाला, "त्या दिसाची येळ सांग त्याला. त्याच येळंला सांग. तोंडानं सांग, आमाला कागद नगं."

नोकरीच्या उरलेल्या वर्षांत माझ्या चौकीवर पावणे, सव्वा, साडे हे शब्द मी कुणाला उच्चारू दिले नाहीत. तास आणि मिनिटं सुटी सुटी म्हणायला लावली. नवे पंच मला विक्षिप्त म्हणायचे, म्हणोत. नव्या पेठेत ज्यांनी त्या पोराला लोंबकळ्या म्हटलं, त्यांतले बरेचजण अजून आहेत आणि दिवाळीचे अंक वाचतात. हे मी त्यांच्यासाठी लिहिलंय. बिरू धोंडीनं मोटार धरली नव्हती. अठ्ठेचाळीस मैल तो स्वतःच्या पायांनी साडेतीन तासांच्या आत गेला होता.

देवळामागं त्या सकाळी नाना धरायचे ते घड्याळ माझ्या हातात होतं. वाचणारा मीच आणि लिहायला कुणी नव्हतं. आम्ही दोघं दगडापाशी उभे राहिलो आणि मी काटा बघत थांबलो. वेळ झाली तेव्हा घसा साफ केला आणि चौकीवर म्हणतात तसं मोठ्यानं म्हटलं, "बिरू धोंडी. सात वाजून पंचेचाळीस मिनिटं, वीस सेकंद."

धोंडीनं घड्याळाकडे बघितलं नाही. डोळ्यांवर हात धरून तो उगवतीकडे बघत होता.

"कासराभर," तो म्हणाला. "हेच सांगत हुतं ते पोर. मी ऐकलं न्हाय."